दरवेळी ‘लष्कर बोलवा’: बोलावतं कोण, हुकूम कुणाचा, परत पाठवतं कोण?

कोरा_कागद (धागाकर्ते)

पूर आला, लष्कर बोलवा. दंगल पेटली, लष्कर बोलवा. बोअरवेलमध्ये मूल पडलं, रेल्वेचा पादचारी पूल हवा, तरीही लष्करच. लोकांचा लष्करावर विश्वास आहे आणि तो लष्कराने कमावलेला आहे, यात वाद नाही.

पण लोकशाहीत फौज आपल्याच गल्लीत उतरते तेव्हा ती कुणाच्या सहीने उतरते? तिथे शब्द कुणाचा चालतो? गोळी चालवायची की नाही, हे कोण ठरवतं? आणि काम झाल्यावर ‘आता तुम्ही निघा’ म्हणायचं कुणी? माझ्या मते लष्कर आणि नागरिक यांचं नातं सलामी आणि टाळ्यांपेक्षा या चार प्रश्नांच्या उत्तरांवर टिकतं. जाणकारांनी कलमांसकट लिहावं. कुणाची देशभक्ती जास्त, हा विषय इथे नको.

दफ्तर

घटनेपासून सुरुवात करतो. सातव्या अनुसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था हा राज्यसूचीतला पहिलाच विषय आहे. पण त्याच नोंदीत अपवादही आहे: मुलकी सत्तेच्या, म्हणजे नागरी प्रशासनाच्या, मदतीसाठी संघराज्याच्या सशस्त्र दलांचा वापर यात येत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संघसूचीत २क ही नोंद आली आणि हा विषय केंद्राचा, हे पक्कं झालं. म्हणजे मुख्यमंत्री लष्कराकडे मागणी करू शकतात, हुकूम देऊ शकत नाहीत. बातम्यांत हा फरक रोज पुसला जातो.

आता जमावाचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं १४८ ते १५१ लागू आहेत. आधी हीच फौजदारी प्रक्रिया संहितेत १२९ ते १३२ होती. पहिली पायरी पोलिसांची: दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी जमावाला पांगायला सांगतो, ऐकलं नाही तर पोलीस बळ वापरतात. तेवढ्याने भागत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरजच असेल, तरच कलम १४९. तिथे हजर असलेला जिल्हादंडाधिकारी (म्हणजे जिल्हाधिकारीच), किंवा त्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी, सशस्त्र दलाच्या अधिकाऱ्याला जमाव पांगवायला सांगतो.

यातला ‘हजर असलेला’ हा शब्द अधोरेखित करा. मुंबईहून फोनवर हे होत नाही.

तिठा

म्हणजे तहसीलदार सांगू शकतो की नाही? तोही कार्यकारी दंडाधिकारीच ना?

दफ्तर

@तिठा, चांगला प्रश्न. जुन्या कलम १३० मध्ये ‘हजर असलेला सर्वोच्च दर्जाचा कार्यकारी दंडाधिकारी’ असे शब्द होते. त्यामुळे जागेवर तहसीलदारच सर्वांत वरचा असेल तर तोच सांगू शकत होता. नव्या संहितेत जिल्हादंडाधिकारी किंवा त्याने अधिकार दिलेला दंडाधिकारी असं आहे. म्हणून सणासुदीच्या बंदोबस्ताचे आदेश काढतानाच कुणाला हा अधिकार दिला आहे, हे नावानिशी लिहून ठेवलं पाहिजे. ऐन वेळी मोबाइलचा टॉवर बंद आणि जिल्हाधिकारी दुसऱ्या टोकाला, अशी वेळ आली की घोडं इथेच अडतं.

घाटवाट

वर सगळं दंडाधिकाऱ्याच्या बाजूने आलंय. लष्करी अधिकाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर कलमाचा दुसरा अर्धा भाग जास्त मोलाचा आहे.

‘जमाव पांगवा’ हा निर्णय दंडाधिकाऱ्याचा. ‘कसा पांगवायचा’ हा निर्णय तुकडीच्या अधिकाऱ्याचा. किती जवान पुढे, कुठून वळसा, लाठी की नुसती रांग की गोळी, यात दंडाधिकारी बोलू शकत नाही. ‘पाच राउंड मारा’ असा हुकूम त्याला देता येत नाही. मात्र अधिकाऱ्यावर त्याच कलमात बंधन आहे: कमीत कमी बळ आणि जीविताची, मालमत्तेची कमीत कमी हानी.

मुलकी मदतीच्या कामात लष्कराला चार तत्त्वं शिकवलेली असतात: गरज, कमीत कमी बळ, निःपक्षपातीपणा आणि सद्भाव. प्रत्यक्षात त्याचं रूप असं. तुकडीसोबत दंडाधिकारी चालतो, गाडीत मागे बसून राहत नाही. भोंग्यावरून स्थानिक भाषेत इशारा दिला जातो, तो सगळ्यांना ऐकू जाईल असा आणि पांगायला वेळ देऊन. दंडाधिकाऱ्याकडून लेखी घेतलं जातं. लिहायला उसंतच नसेल तर तोंडी सांगण्यावर काम सुरू होतं, पण कागद नंतर लगेच घ्यायचा. गोळी चालवावीच लागली तर ठरवून दिलेले नेमबाजच, अधिकाऱ्याच्या शब्दावर, मोजून. रोख खाली. हवेत गोळी मारायची नाही, कारण ती कुठल्या तरी गच्चीवरच्या माणसाला लागते, आणि जमावालाही वाटतं की हे नुसतं घाबरवतायत. जमाव मागे सरायला लागला की त्या क्षणी थांबायचं. मग जखमींना प्रथमोपचार. त्यानंतर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून मोजायच्या आणि नोंदवहीत वेळेसकट लिहायच्या. इतक्या गोळ्या दिल्या, इतक्या उडाल्या, इतक्या परत. हिशेब जुळलाच पाहिजे.

मला विचाराल तर त्या पुंगळ्या वेचणाऱ्या जवानात लोकशाही दिसते. आपल्या माणसांवर चाललेल्या प्रत्येक गोळीचा जाब देता यावा, म्हणून ती मोजणी असते.

नीलांबरी

घाटवाट, शेवटचा परिच्छेद फार आवडला. हीच यादी उलटी वाचली की जालियनवाला बाग होते. १३ एप्रिल १९१९, अमृतसर. बागेत दंडाधिकारी हजर नाही. पांगण्याचा इशारा नाही. लोक पळत होते तरी गोळीबार सुरूच. साधारण दहा मिनिटांत १,६५० गोळ्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ मृत, लोकांच्या मते त्याहून कितीतरी जास्त. जखमींना मदत नाही. आणि लष्करी कायदा रीतसर पुकारला गेला तो १५ एप्रिलला, म्हणजे त्यानंतर.

सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीनेही इशारा न देणं आणि जमाव पांगायला लागल्यावरही गोळीबार चालू ठेवणं, या दोन गोष्टींवर बोट ठेवलं. इशारा, थांबणं, प्रथमोपचार आणि मोजणी हे सगळे नियम रक्ताने लिहिले गेलेत. ते किचकट वाटले तरी एकही गाळण्यासारखा नाही.

शिरपेच

सगळं मान्य. पण दंगलीत दंडाधिकारी सापडलाच नाही तर? लष्कराने हात बांधून बघत राहायचं?

घाटवाट

नाही. त्यासाठी कलम १५० आहे. सार्वजनिक सुरक्षितता उघडउघड धोक्यात आहे आणि कुठल्याही कार्यकारी दंडाधिकाऱ्याशी संपर्क होऊ शकत नाही, या दोन्ही अटी एकत्र असतील तर सशस्त्र दलाचा कमिशन्ड किंवा राजपत्रित अधिकारी स्वतःहून जमाव पांगवू शकतो. पण संपर्क शक्य झाला की लगेच साधायचा, आणि काम चालू ठेवायचं की नाही याबद्दल दंडाधिकारी सांगेल ते ऐकायचं. लगाम ज्याच्या हातातून सुटला त्याच्याच हातात परत द्यायची सोय त्या कलमातच आहे.

दफ्तर

आणखी एक बारकावा. कलम १५१ मध्ये ‘सशस्त्र दल’ या शब्दात भूदल, नौदल, हवाई दलाबरोबर संघराज्याची इतर सशस्त्र दलंही येतात. पण रस्त्यावर चट्ट्यापट्ट्याच्या गणवेशात दिसणारा प्रत्येक जण लष्करी नसतो. केंद्रीय राखीव पोलीस दल आणि सीमा सुरक्षा दल गृहमंत्रालयाची. आसाम रायफल्सचं प्रशासन गृहमंत्रालयाकडे आणि मोहिमांची सूत्रं लष्कराकडे. राज्य राखीव पोलीस दल तर राज्याचंच. दंगलीत ‘लष्कर आलं’ अशी अफवा उठते ती या गणवेशांमुळे, आणि अशी अफवा कधी शांत करते, कधी चिघळवते.

खडूफळा

शिरपेच यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू मुंबईने पाहिली आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली. लष्कर शहरात होतं, पण बराच काळ त्याच्याकडून नुसतं ध्वजसंचलन, म्हणजे ताकद दाखवत रस्त्यांवरून फेरी, करून घेतलं गेलं. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने लिहिलं की लष्कराचा परिणामकारक वापर करण्याचा हुकूम द्यायला मुख्यमंत्र्यांनी चार मोलाचे दिवस घालवले.

ध्वजसंचलनाचा परिणाम नवलाईवर असतो. पहिल्या फेरीला रस्ता रिकामा होतो. तिसऱ्या फेरीला दंगेखोरांच्या लक्षात येतं की ट्रक येतात आणि जातात, खाली कुणी उतरत नाही. मग ट्रक वळला की पुन्हा सुरू. म्हणजे लष्कर उशिरा बोलावणं ही एक चूक, आणि बोलावून काम न सांगणं ही दुसरी. दुसरीत जास्त नुकसान आहे, कारण शेवटचं हत्यार बोथट आहे असं सगळ्यांना दिसतं.

कोरा_कागद

खडूफळा, मग ‘काम सांगणं’ म्हणजे नेमकं काय लिहायचं? मागणीपत्रात काय असतं?

खडूफळा

काम लिहायचं, फौज लिहायची नाही. ‘दोन कंपन्या (लष्करी तुकड्या) पाठवा’ हे चुकीचं मागणीपत्र. ‘अमुक पुलापासून तमुक चौकापर्यंतचा पट्टा, दोन्ही बाजूंना वस्ती, इतक्या वाजल्यापासून जाळपोळ, पोलिसांचं बळ इतकं आणि ते अपुरं का पडलं, काय साध्य करायचं आहे’ हे बरोबर. त्यासाठी किती माणसं आणि कुठली साधनं लागतील हे लष्कर ठरवतं. सोबत दंडाधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क, रस्ते माहीत असलेला पोलीस वाटाड्या, नकाशा, जखमींसाठी रुग्णालय, अटक केलेल्यांना ताब्यात घेणारं ठाणं.

अटक केलेला माणूस लष्कराने ठेवून घ्यायचा नसतो, पोलिसांना सोपवायचा असतो. ही ठाण्याची ओळ बहुतेक मागणीपत्रांत राहून जाते आणि मग मध्यरात्री कैदी कुणाचे यावर वाद होतो.

पाणकणीस

दंगलीपेक्षा पुरात लष्कर जास्त वेळा येतं, त्याबद्दल लिहिते.

जिल्ह्याने राज्याला कळवायचं, राज्याने लष्करी मुख्यालयाला. आपल्याकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा क्षेत्राचं मुख्यालय आहे, त्याच्या वर पुण्याचं दक्षिण कमांड. जीव धोक्यात असेल तर जवळच्या तळाचा प्रमुख आधी निघतो आणि वर नंतर कळवतो, ती मुभा आहे. मुलकी साधनं अपुरी पडली की लष्कर, हा मूळ नियम. म्हणजे स्थानिक बोटी, अग्निशमन, राज्य आपत्ती प्रतिसाद दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, मग लष्कर.

घोटाळा निरोपात होतो. ‘गावात शेकडो लोक अडकलेत’ एवढ्यावर बोटवाल्यांना काहीच ठरवता येत नाही. हवं ते असं: किती माणसं, त्यात अंथरुणाला खिळलेले, गरोदर बायका आणि लहान मुलं किती. कुठल्या इमारतीवर. पाणी कमरेएवढं की छपराएवढं, उभं की वाहतं. विजेच्या तारा कुठे लोंबतायत, पुरवठा बंद केलाय का. बोट पाण्यात सोडायला ट्रक कुठवर येतो. पाण्याखाली विहीर, कुंपण, उसाचा फड कुठे आहे. उसात इंजिनाचा पंखा गुंततो. गावातला पोहणारा, नदीचं जुनं पात्र माहीत असलेला एक माणूस प्रत्येक बोटीत. हेलिकॉप्टर मागवायचं असेल तर तारा आणि झाडं नसलेलं टणक मैदान, गर्दी लांब, सुटे पत्रे आणि ताडपत्र्या आधी उचललेल्या, वाऱ्याची दिशा कळायला धूर किंवा कापड. ताडपत्री उडून पंख्यात गेली तर वाचवायला आलेलंच खाली येतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली ती ग्रामपंचायतीची होती आणि क्षमतेपेक्षा जास्त भरलेली. बोटीला माणसांची हद्द असते. ती बोटीच्या अंगावर रंगाने लिहावी आणि चढवताना एकाने मोठ्याने मोजावं. गावाला हे जमलं नाही तर लष्कराची वाट बघण्यातच रात्र जाते.

उत्तररात्र

पाणकणीसताई, छापून ग्रामपंचायतीत लावावं असं लिहिलंय.

तिठा

अवांतर: या सगळ्याचा खर्च कोण देतं? फुकट तर नसेल.

दफ्तर

फुकट नाही. मुलकी मदतीचा, विशेषतः विमानं आणि हेलिकॉप्टरांचा खर्च राज्याकडे मागितला जातो. २०२४ च्या अखेरीस केंद्राने केरळकडे आधीच्या पुरांपासून वायनाडच्या दरडीपर्यंतच्या हवाई बचावाचे १३२ कोटींहून अधिक रुपये मागितले आणि त्यावर मोठा वाद झाला. आपल्या भाषेत बिनफायद्याच्या कामाला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. इथे लष्कर आपल्या भाकऱ्या भाजतं आणि पिठाचा हिशेब केंद्र मागतं. :)

मला स्वतःला ही वसुली पटत नाही. बिल येईल या धास्तीने एखाद्या सचिवाने हेलिकॉप्टर मागवायला दोन तास उशीर केला तर त्याची किंमत माणसं मोजतात.

शिरपेच

मी उलट म्हणतो. बिल असावं. बिल नसेल तर ऊठसूट बोलावणं आणखी वाढेल. मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाचं घ्या. २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. महिन्याभराने जाहीर झालं की एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवलीचे पादचारी पूल लष्कर बांधणार. फेब्रुवारी २०१८ अखेर ते खुले झाले. काम चोख. पण तो पूल आणीबाणी होता का? गर्दी वर्षानुवर्षं दिसत होती. अडलं होतं ते मंजुरी आणि निविदांत. त्या कामासाठी सीमेवरच्या पुलांची माणसं आणि सामान शहरात आणायची?

नीलांबरी

शिरपेच, अर्धं पटतं. लष्कराच्या अभियंत्यांना पूल बांधायचा सराव लागतोच, आणि लोक मरत असताना ‘हे आमचं काम नाही’ म्हणणं कुणालाच शोभलं नसतं. त्या तीन पुलांना माझा विरोध नाही.

विरोध त्यानंतरच्या गप्प बसण्याला आहे. पूल झाला आणि ज्या यंत्रणेमुळे तो अडला होता तिला कुणी जाब विचारला नाही. लष्कराने मुलकी काम केलं की मुलकी खातं सुटतं, हा खरा तोटा. लोकांच्या मनात एक वाक्य बसतं: ‘ह्यांना जमत नाही, त्यांना जमतं.’ ज्या देशांत लष्कराने सत्ता घेतली तिथे आधी हेच वाक्य चहाच्या टपरीवर फिरत होतं. शेजारी पाकिस्तानात १९५८ मध्ये अयूब खान आले तेव्हा राजकारण्यांना कंटाळलेल्या अनेकांनी आधी स्वागतच केलं होतं.

पाणकणीस

बोअरवेलचंही तेच. २००६ मध्ये हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचं मूल बोअरमध्ये पडलं आणि लष्कराने शेजारच्या कोरड्या विहिरीतून वाट काढून त्याला जिवंत वर आणलं. देशभर टाळ्या झाल्या. बोअर मात्र उघडेच राहिले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमून दिलं: खोदण्याआधी १५ दिवस कळवायचं, खोदताना काटेरी तारेचं कुंपण, केसिंगभोवती ०.५० बाय ०.५० बाय ०.६० मीटरचा सिमेंटचा ओटा, त्यातला अर्धा जमिनीवर आणि अर्धा खाली, तोंडावर वेल्ड केलेलं किंवा नटबोल्टने आवळलेलं लोखंडी झाकण. निकामी बोअर तळापासून माती, वाळू, दगडांनी भरायचा. हे झालं तर लष्कर लागतच नाही. एका झाकणाचं काम ते, ग्रामसेवकाने तपासायचं.

उत्तररात्र

सगळे सोयीच्या जागी फिरताय. लष्कर आणि नागरिक यांचं नातं पूर आणि पुलावर घासून बघायचं नसतं. जिथे लष्कर महिनोन्‌महिने नाही, दशकानुदशकं गावात आहे, तिथे बघा. १९५८ चा सशस्त्र दलं विशेषाधिकार कायदा, ‘अशांत’ जाहीर केलेल्या भागांत लष्कराला जादा अधिकार देणारा. तिथे तुमचा ‘हजर असलेला दंडाधिकारी’ कुठे आहे?

शिरपेच

तिथे समोर निःशस्त्र जमाव नसतो, बंदुका असतात. दंडाधिकारी शोधत बसलं तर जवान मरतील. दोन परिस्थिती एका मापाने मोजू नका.

उत्तररात्र

मोजत नाहीच. न्यायालयाने जे माप दिलं तेच सांगतो. १९९७ च्या निकालात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला, पण सोबत सांगितलं की अशांत क्षेत्राची घोषणा ठरावीक काळापुरती हवी आणि दर सहा महिन्यांनी तिचा फेरविचार व्हायला हवा. लष्कर मुलकी सत्तेच्या मदतीला आहे, तिची जागा घ्यायला नाही. काय करावं आणि काय करू नये याची लष्कराची यादी बंधनकारक. पकडलेल्या माणसाला कमीत कमी उशिरात जवळच्या ठाण्यात द्यायचं. २०१६ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा बजावलं की अशांत क्षेत्रातही जादा बळाला पूर्ण अभय नाही.

आणि तरी ४ डिसेंबर २०२१ ला नागालँडच्या मोन जिल्ह्यात, ओटिंगला, कोळसा खाणीतून घरी निघालेल्या मजुरांची गाडी अतिरेक्यांची समजून लष्कराकडून गोळ्या झाडल्या गेल्या आणि मजूर मेले. पोलिसांनी ३० जवान-अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्राने खटल्याला परवानगी नाकारली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते फौजदारी प्रकरण तिथेच थांबलं. पुंगळ्या मोजल्या गेल्या असतील. पण मोजणी न्यायालयासमोर गेलीच नाही, तर घाटवाट यांनी लिहिलेल्या त्या वहीचा उपयोग काय?

घाटवाट

उत्तररात्र, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि मी टाळत नाही. परवानगीची तरतूद विशेषाधिकार कायद्यात आहे तशी साध्या संहितेच्या कलम १५१ मध्येही आहे. हेतू समजण्यासारखा: हुकमावरून काम करणाऱ्या जवानाला जिल्ह्याजिल्ह्यात खटले लढत फिरावं लागू नये. पण नकार देताना सविस्तर, वाचता येतील अशी कारणं मृतांच्या घरच्यांना मिळाली पाहिजेत. लष्कराचं स्वतःचं न्यायालय आहे, तिथे शिक्षा होतातही. त्याचा निकाल गावात त्यांच्या भाषेत जाहीर व्हावा. नाहीतर गावाच्या लेखी काहीच झालेलं नसतं.

आणि दीर्घ तैनातीचा लष्करावरचा परिणामही लक्षात घ्या. जवानाला शत्रूला नेस्तनाबूत करायला शिकवलेलं असतं. आपल्या माणसांत वावरताना त्याला तेच रोज विसरावं लागतं. म्हणूनच जुन्या मंडळींचा आग्रह असतो की काम झालं की त्याच दिवशी बरॅकीत परत.

शिरपेच

हे पटलं. कारणं लेखी द्यावीत, यावर माझाही विरोध नाही.

खडूफळा

थोडं वेगळं. नातं दोन्ही बाजूंनी बिघडतं. नागरिकांनी, म्हणजे राजकारण्यांनी, लष्कराला प्रचारात ओढणं हेही तितकंच घातक. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये पक्षांना कळवलं होतं की जवानांची छायाचित्रं आणि लष्करी कार्यक्रमांची चित्रं प्रचारात वापरू नका. ९ मार्च २०१९ ला ते पुन्हा बजावावं लागलं. जवानाला मत आहे, टपालाने. मतपत्रिका आता त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते. सोबत राहणाऱ्या जोडीदारालाही ती सोय आहे. २०२१ च्या दुरुस्तीपर्यंत कायद्यात फक्त ‘पत्नी’ होतं, म्हणजे महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला नाही. आता ‘जोडीदार’ आहे. पण राजकीय सभा, संघटना, वृत्तपत्रात लिहिणं यावर लष्करी कायदा १९५० आणि नियम १९५४ खाली बंधनं आहेत, आणि घटनेच्या कलम ३३ ने संसदेला तो अधिकार दिला आहे. ज्याला उत्तर देता येत नाही त्याचा चेहरा फलकावर लावणं अन्यायाचं आहे.

नीलांबरी

यालाच जोडून: मुलकी ताबा म्हणजे नुसता सचिवांचा ताबा नव्हे, संसदेचा. २०१८ मध्ये लोकसभेत संरक्षणासकट सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. संरक्षणाची स्थायी समिती आहे, १९९३ पासून, ती बारकाईने अहवाल देते. पण ते सभागृहात चर्चेला आले तर उपयोग. जर्मनीत संसदेचा लष्करी आयुक्त असतो. कुठलाही सैनिक वरिष्ठांना न विचारता थेट त्याला पत्र लिहू शकतो, आणि आयुक्त दरवर्षी संसदेला अहवाल देतो. आपल्याकडे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, २००७ च्या कायद्याने आलेलं. पण ते बढती, पेन्शन, शिक्षा अशा वादांसाठी. संसदेचा कान म्हणून काम करणारं पद नाही, आणि मला ते हवं वाटतं.

तिठा

मूळ प्रश्नातला चौथा भाग राहिलाच की. परत पाठवतं कोण?

दफ्तर

हो, तो राहिला. ज्याने मागणी केली त्यानेच लिहून द्यायचं की आता गरज नाही. लष्करी प्रमुखालाही वाटलं की काम संपलंय तर तो विचारू शकतो, नव्हे, त्याने विचारावंच. गडबड होते ती मुलकी बाजूने. पोलीस थकलेले असतात, लोकांना लष्कर बघून बरं वाटतं, आणि जिल्हाधिकारी ‘अजून दोन दिवस असू द्या’ म्हणतो. दोनाचे दहा होतात. म्हणून मागणीपत्रातच फेरआढाव्याची तारीख आणि वेळ घालावी, दर २४ तासांनी. त्या वेळेला पोलीस अधीक्षक, दंडाधिकारी आणि तुकडीचा अधिकारी यांनी एकत्र बसायचं आणि प्रत्येक नाक्यासमोर लिहायचं: इथून लष्कर काढलं तर कुणाला उभं करणार? जिथे नाव लिहिता येतं तो नाका त्याच दिवशी सोडायचा.

घाटवाट

भर घालतो. आधी आतल्या गल्ल्या, मग चौक, शेवटी राखीव तुकडी. अदलाबदल उजेडात करावी आणि दोन्ही गणवेश तासभर एकत्र उभे राहावेत, म्हणजे वस्तीला पोलीस पुन्हा ताबा घेताना दिसतात. रात्रीत गुपचूप ट्रक भरून निघाले की सकाळी पोकळी दिसते आणि ती भरायला दंगेखोर टपलेले असतातच. निघण्याआधी ताब्यातली माणसं, जप्त वस्तू, वापरलेली शाळा आणि तिचे बाक, सगळं यादी करून दोन्ही सह्यांनिशी परत.

पाणकणीस

शाळेचे बाक लिहिलेत ते बरं केलं. पुरात शाळाच तळ असते आणि मुलांची शाळा त्यामुळे उशिरा सुरू होते. यादीत शौचालयांची सफाई आणि पाण्याच्या टाकीत क्लोरीन हेही घाला.

कोरा_कागद

घातलं. दफ्तर आणि घाटवाट यांच्या शेवटच्या दोन प्रतिसादांतून फेरआढावा आणि परतीचा एक पानी नमुना तयार करतोय: वर मागणीची तारीख, मध्ये नाक्यांचा तक्ता आणि प्रत्येकासमोर ताबा घेणाऱ्याचं नाव, खाली तीन सह्यांची जागा. खडूफळा, मागणीपत्राच्या भागात ठाण्याची ओळ तुमच्या शब्दांत द्याल का?

खडूफळा

देतो. ‘अटक केलेल्या व्यक्ती ताब्यात घेणारं ठाणं, तिथल्या अधिकाऱ्याचं नाव, दूरध्वनी, आणि ताबा दिल्याची वेळ.’ वेळेचा रकाना वेगळा ठेवा. अटक केलेल्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचे २४ तास तिथूनच मोजायचे असं कुणी म्हणेल, तसं नाही. ते अटकेच्या क्षणापासून मोजायचे, म्हणून अटकेच्या वेळेचाही रकाना हवा.